स्लीव्ह ऑपरेशननंतर (वजन कमी करण्यासाठी जठराचा मोठा भाग काढतात ते) प्रोटीन पावडर न देता, घरच्या शाकाहारी जेवणातून प्रोटीन आणि पाणी पुरेसं जातं का?

पहिले दोन-तीन महिने तरी नाही जात. पावडर द्या.

तुम्ही लिहिलंय की आईच्या ऑपरेशनला तीन आठवडे झालेत, डॉक्टरांनी रोज किमान ६० ग्रॅम प्रोटीन आणि दीड ते दोन लिटर पाणी सांगितलंय, पण दोन घोट घेतले की त्यांना छातीशी दाटून येतं. आणि घरात मावशी म्हणतायत, ‘पावडर म्हणजे केमिकल, त्यापेक्षा डाळीचं पाणी द्या.’ हे शेवटचं वाक्य वाचलं आणि राहवलं नाही, म्हणून लिहायला बसले. हेच वाक्य मी माझ्या मोठ्या नणंदबाईंच्या तोंडून सकाळ-संध्याकाळ ऐकलंय.

माझं ऑपरेशन पुण्यात झालं, घर सांगलीत. ऐन वैशाखात मला घरी आणलं आणि वन्सं माझं करायला येऊन राहिल्या. मायेनंच आल्या होत्या. पण हे ऑपरेशन त्यांना मुळातच मान्य नव्हतं. ‘तोंडावर ताबा ठेवला असता तर पोट कापायची पाळी आली नसती’ हे त्या आल्या-गेल्या प्रत्येकाला सांगायच्या, मी पलीकडच्या खोलीत जागी असताना. माझी शुगर, माझे गुडघे, झोपेत अडकणारा श्वास, यातलं काही त्यांच्या हिशेबात नव्हतं. त्यात डायटीशियननं दिलेला व्हे प्रोटीनचा, म्हणजे दुधापासून केलेल्या प्रोटीन पावडरीचा डबा त्यांनी पाहिला आणि तो गेला माळ्यावर.

त्याऐवजी सुरू झालं डाळीचं पाणी. वन्सं ते फार निगुतीनं करायच्या. तुरीची डाळ हळद-हिंग घालून कुकरला मऊ शिजवायची, मग पातेलं जरा वेळ हलवायचं नाही, म्हणजे डाळ खाली बसते. वरचं पाणी चहाच्या गाळणीनं गाळून, मीठ आणि तुपाचं बोट लावून माझ्या हातात. खाली राहिलेली घट्ट डाळ घोटून, फोडणी देऊन मुलांच्या आणि ह्यांच्या पानात. म्हणजे माझ्या वाटीत पिवळं पाणी आणि प्रोटीन बाकीच्यांच्या ताटात. त्या गाळलेल्या वाटीभर पाण्यात जेमतेम एक-दोन ग्रॅम प्रोटीन असेल. जोडीला नाचणीची पातळ पेज, शहाळं, आणि ‘अंगात जरा तरतरी येईल’ म्हणून उसाचा रस. रसानं पोट डुचमळायचं, मळमळायचं, की त्यापुढचे दोन तास काहीच आत जायचं नाही. साध्या पाण्याचा घोटही दगडासारखा वाटायचा, म्हणून तेही कमी होत गेलं.

आठवड्याभरात व्हायचं ते झालं. जीभ टाळूला चिकटायची, लघवी काळ्या चहासारखी आणि दिवसातून कशीबशी दोनदा. एका पहाटे न्हाणीघरातून बाहेर येताना डोळ्यांपुढे अंधारी आली आणि मी दार धरून खाली बसले. जवळच्या दवाखान्यात नेलं, सलाईन लावलं. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी विचारलं, दिवसभरात काय काय घेता? वन्संनीच यादी सांगितली, अगदी अभिमानानं. त्यांनी ती शांतपणे ऐकून घेतली आणि म्हणाले, ‘यात यांच्या जखमा कशानं भरायच्या?’

माझी मुलगी तेव्हा अकरावी सायन्सला होती. घरी आल्यावर तिनं कालनिर्णयच्या जुन्या पानामागे हिशेब मांडला. तो तुम्हीही मांडून बघा आणि मावशींच्या हातात द्या. साय काढलेलं २०० मिली दूध आणि त्यात दोन मोठे चमचे स्किम्ड दुधाची पावडर, १२ ग्रॅम. दही रात्रभर फडक्यात टांगून केलेला चक्का १०० ग्रॅम, ८ ग्रॅम. मऊ कुस्करलेलं पनीर ५० ग्रॅम, ९ ग्रॅम. मुगाचं घट्ट घोटलेलं वरण १०० ग्रॅम, ६ ग्रॅम, तेही डाळीसकट. एकूण झाले ३५. आता तिसऱ्या आठवड्यात एका वेळी तीन-चार मोठे चमचे म्हणजे पोट गच्च, तेव्हा इतकंच पोटात जाण्यात अख्खा दिवस सरतो. उरलेले २५ कुठून आणणार? वरणातून आणायचे तर आणखी चार वाट्या लागतील. व्हे आयसोलेटच्या, म्हणजे जास्त शुद्ध केलेल्या व्हे पावडरीच्या, एका स्कूपमध्ये (डब्यातल्या मापाच्या चमच्यात) साधारण २४-२५ ग्रॅम मिळतात, आणि पाण्यात कालवल्यामुळे ते पाण्याच्या हिशेबातही धरले जातात. अंडं चालत असेल तर एकात ६ ग्रॅम, पण तुम्ही शाकाहारी लिहिलंय म्हणून धरलं नाही.

आणि केमिकल म्हणाल तर ऐका. वन्सं दर आठवड्याला घरी पनीर करतात. दूध फाटल्यावर जी हिरवट निवळी राहते ती कधी फेकत नाहीत, त्यातच कणीक मळतात, ‘पौष्टिक असते’ म्हणतात. बरोबरच म्हणतात. व्हे म्हणजे तीच निवळी. चीज करताना टनावारी निघते, तिच्यातली साखर आणि पाणी काढून जे प्रोटीन उरतं ते वाळवतात. हे मी त्यांना त्यांच्याच ओट्यापाशी उभी राहून सांगितलं, निवळीचं पातेलं समोर होतं. ‘घरचं ते घरचं’ म्हणाल्या. यावर काय बोलणार! डब्यावर परवाना क्रमांक आहे ना, साखर किती घातलीय, हे बघून घ्या, आणि जिममधल्या कुणाच्या सांगण्यावरून घेऊ नका, डायटीशियनला विचारून घ्या. दुधानं पोट फुगत असेल तर आयसोलेटच घ्या, त्यात लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर, अगदी कमी असते.

पाण्याचं आता. तहान लागेल तेव्हा पिऊ, भूक लागेल तेव्हा खाऊ, हे सध्या विसरायला सांगा. भूक जागवणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक जठराच्या ज्या भागात सगळ्यात जास्त तयार होतं, तोच भाग या ऑपरेशनमध्ये काढतात. त्यामुळे घड्याळ बघूनच प्यावं लागतं. पातळ औषधाच्या बाटलीवर मापाचं टोपण येतं ना, १५ मिलीची खूण असलेलं, ते धुऊन मी उशाशी ठेवलं होतं. दर पंधरा मिनिटांनी दोन टोपणं, तीही दोन घोटांत न संपवता जिभेवर घोळवत. तासाला १२० मिली, जागेपणीच्या चौदा तासांत जवळपास १७०० मिली. तांब्या समोर ठेवला की मन घाबरतं, टोपणाला घाबरत नाही. गार पाणी जात नसेल तर कोमट द्या, नाहीतर लिंबाचे चार थेंब टाका, जिऱ्याचं पाणी द्या, लोणी काढलेलं पातळ ताक द्या. शहाळं थोडंसं चालेल, पण ते पाण्यात धरा, प्रोटीनमध्ये नाही. उसाचा रस, सोडा, कोल्ड्रिंक बंद. स्ट्रॉनं हवा पोटात जाते, तीही नको. जेवताना पाणी नाही, आणि जेवणानंतर अर्धा तास नाही. हा नियम वन्संना अघोरी वाटायचा. घास कोरडा गिळायचा का, म्हणायच्या. पण इवल्याशा पोटात पाणी आधी भरलं तर वरणाला जागा कुठे राहणार?

डबा माळ्यावरून खाली आला तो मुलीमुळे. दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा स्कूप, कारण पूर्ण एकदम जात नव्हता. काही दिवसांत चक्कर थांबली, लघवी फिकट झाली, जिना चढताना धाप लागेनाशी झाली. वन्सं आजही लग्नाकार्यात भेटल्या की म्हणतात, ‘ती सलाईननं बरी झाली, पावडरीनं नाही.’ सलाईननं पाणी भरून निघालं हे खरंच. पण सलाईनच्या बाटलीत प्रोटीन नसतं. पुढे तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस मुठीनं गळायला लागले तेव्हा त्याचंही खापर पावडरीवर फुटलं. तुमच्याकडेही फुटेल, म्हणून आत्ताच सांगते. मोठं ऑपरेशन झालं आणि वजन भराभर उतरलं की त्या सुमाराला केस गळतात, आणि प्रोटीन-लोह कमी पडलं तर जास्त गळतात. पावडर बंद करणं हा त्यावरचा सगळ्यात वाईट उपाय आहे. माझे परत आले.

पुढे पोटात जरा जास्त मावायला लागलं, की उसळी, पनीर, सोयाबीन यांवर बरंच भागतं आणि पावडर कमी करता येते. मावशींचा आग्रह तेव्हा पुरवा, आता नको. शिवाय ज्यांनी आयुष्यभर घर जेवू घातलं त्यांना कुणी आकडे सांगितले की राग येतो, हे मी बघितलंय. त्यामुळे डाळीचं पाणी त्यांनाच करू द्या, फक्त गाळणी हातातून काढून घ्या आणि खालची डाळ घोटून त्यातच मिसळायला लावा.

काही गोष्टी राहिल्या. आईंना किडनीचा त्रास असेल तर प्रोटीनचा आकडा त्यांच्या डॉक्टरांनी ठरवलेलाच धरा, माझा नाही. डायबेटिसच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं एकदम कमी झाल्यामुळे शुगर उतरू शकते, डोस विचारून घ्या. बी-१२, लोह, कॅल्शियम, डी यांच्या गोळ्या चुकवू नका. शाकाहारी माणसात बी-१२ आधीच कमी असतं, त्यात या ऑपरेशननंतर ते अंगी कमी लागतं. उलट्या सतत होत असतील तर ‘होईल कमी’ म्हणून घरी थांबू नका, बी-१ म्हणजे थायामिन झपाट्यानं संपतं आणि त्याचा परिणाम थेट मेंदूवर आणि नसांवर होतो. ताप, छातीत धडधड, पोटात किंवा डाव्या खांद्यात दुखणं, यातलं काहीही असलं तर रात्र असो की दिवस, ऑपरेशन केलेल्या सर्जनलाच गाठा.

आणि हे वाचून झाल्यावर आईंना आधी लघवीचा रंग विचारा. गडद असेल, किंवा सकाळपासून झालीच नसेल, तर पावडरीचा वाद बाजूला ठेवून डॉक्टरांना आजच फोन करा.