रोहित म्हणजे फ्लेमिंगो पक्ष्यांचा गुलाबी रंग येतो चिखलातून: तुमचे प्रश्न

शिवडीला गेलो होतो, पण लांब नुसते गुलाबी ठिपके दिसले. काय चुकलं? (परळहून एक काका)

काका, वेळ चुकली. ओहोटीला रोहित पाण्याच्या मागे मागे पार आत जातात, आणि पूर्ण भरती आली की चिखलच बुडतो म्हणून सगळा थवा उठून खाडीपलीकडे नेरूळच्या तळ्यांवर जाऊन उभा राहतो. भरतीची वेळ बघा आणि दोनेक तास आधी पोचा, पाणी चढतं तसे ते आपल्याकडे सरकत येतात.

माझी मुलगी विचारते हे गुलाबी कसे, आणि काही मळकट करडे का दिसतात? (ठाण्याहून एक ताई)

ताई, मुलीला सांगा की रंग जेवणातून येतो. खाडीच्या गाळात बारीक शेवाळ असतं, त्यात गाजरात असतं त्याच जातीचं रंगद्रव्य असतं, ते पिसांत उतरतं. आपल्याकडे छोटा आणि मोठा अशा रोहिताच्या दोन जाती दिसतात. छोटा रोहित जवळपास शेवाळावरच जगतो म्हणून तो जास्त गडद, चोच तर काळपट लाल. मोठा रोहित फिकट, तो किडे-कोळंबीसारखंही खातो. खाताना दोघंही डोकं उलटं करतात बघा, जीभ पंपासारखी मागेपुढे होते, पाणी बाहेर आणि खाणं चोचीतल्या गाळणीत! करडे आहेत ती पिल्लं, म्हणजे गेल्या एक-दोन वर्षांतली. आपल्याकडे रोहित अंडी घालत नाहीत, त्यासाठी कच्छच्या रणात जातात, तिथं चिखलाचंच बुटकं घरटं आणि त्यात एकच अंडं. पिल्लाला आई आणि बाप दोघंही घशातून लालसर दूध पाजतात, मला हे दरवेळी नव्याने भारी वाटतं.

एका पायावर दमत नाहीत? (दादर)

नाही, सांधा असा बसतो की ताकद लागतच नाही जवळजवळ. आणि मधे वाकतो तो गुडघा नाही, घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो.

ठाणे खाडीला अभयारण्य झालंय ना, मग तळ्यांवर इमारती झाल्या तर काय बिघडलं? (सीवूड्स)

बिघडतं. २०१५ ला अभयारण्य झालं, २०२२ ला रामसरचा, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जाही मिळाला, पण तो खाडीचा भाग आहे, तिथं ते जेवतात. भरतीच्या वेळी टेकायला तळी लागतातच, हजारो पक्षी हवेत किती वेळ राहणार? २०२४ मध्ये नेरूळच्या एका तळ्यात भरतीचं पाणी यायचं बंद झालं आणि तळं सुकत गेलं. तुमच्या बाजूच्या खाजणात पाणी आत येण्याची वाट उघडी आहे का, या भरतीला जाऊन बघाच.