जपानमध्ये पहिली फुटबॉल मॅच बघायला जाताय?

एकच बघायची असेल तर टोकियोजवळच्या साइतामा शहरातल्या उरावा रेड्स या क्लबची, त्यांच्या घरच्या मैदानावरची बघा. साइतामा स्टेडियम खास फुटबॉलसाठी बांधलंय, 60,000 हून जास्त माणसं मावतात. उरावा-मिसोनो स्टेशनवर उतरा, पुढे 20 मिनिटं चाला. लाल जर्सीवाल्यांच्या मागे गेलात की झालं, चुकणार नाही.

नवखी मंडळी हमखास चुकतात ती जागा निवडताना. गोलमागचं तिकीट स्वस्त दिसतं म्हणून घेऊ नका. तिथले लोक पूर्ण 90 मिनिटं उभे राहून गातात, त्यांच्यात मोबाइल काढून शूटिंग करत बसणं बरं दिसत नाही. पहिल्यांदा बाजूच्या स्टँडमध्ये बसा. मॅचही दिसते आणि तो गजरही नीट ऐकू येतो.

बाकी थोडक्यात:
- समोरच्या संघाचे रंग घालून यजमानांच्या भागात बसू देत नाहीत. साधा शर्ट घाला.
- कॅन आत चालत नाही, गेटवर पेय कागदी कपात ओतून देतात.
- 2026 पासून हंगाम ऑगस्टमध्ये सुरू होतो, मध्ये हिवाळी सुट्टी असते. मॅचची तारीख पक्की झाल्यावरच विमानाचं बघा.
- शाकाहारी असाल तर खाऊ सोबत घ्या.

शिट्टी वाजली की स्टेशनकडे धावू नका, तिथे तोबा गर्दी असते. बसून राहा. खेळाडू मैदानाला फेरी मारतात आणि प्रत्येक स्टँडसमोर रांगेत थांबून कमरेत वाकतात. हरलेले असले तरीही.