अपडेटनंतर गाडी वेगळी चालते, ती का?

इलेक्ट्रिक गाडीचं सॉफ्टवेअर अपडेट म्हणजे पडद्यावरचे आयकॉन बदलणं, असं अनेकांना वाटतं. पण २०१८ मध्ये अमेरिकेतल्या 'कन्झ्युमर रिपोर्ट्स'ने टेस्ला मॉडेल ३ तपासली तेव्हा ताशी ६० मैलांवरून थांबायला तिला १५२ फूट लागले. कंपनीने दूरवरून अपडेट पाठवलं आणि तेच अंतर १३३ फुटांवर आलं. ब्रेकचा एकही भाग बदलला नव्हता. त्यामुळे खालचे प्रश्न किरकोळ समजू नका.

प्रश्न (कन्नड) : रात्री अपडेट झालं. सकाळी घाट उतरताना ॲक्सिलरेटरवरून पाय काढला तर गाडी पूर्वीसारखी मागे ओढत नाही. ब्रेक बिघडले का?

ब्रेक बहुधा ठीक आहेत, कमी झालं आहे ते रीजन, म्हणजे रीजनरेटिव्ह ब्रेकिंग. पाय काढला की मोटर जनरेटरसारखी फिरते आणि वीज बॅटरीत परत जाते. गाडी किती ओढायची हे सॉफ्टवेअर ठरवतं. अपडेटनंतर रीजनची पातळी अनेकदा कंपनीच्या मूळ सेटिंगवर येते. तुम्ही ३ वर चालवत असाल तर ती १ वर आलेली असू शकते. आधी ते तपासा.

आता दुसरं कारण, आणि यातच बहुतेक जण फसतात. अपडेटच्या रात्री आपण गाडी हमखास पूर्ण चार्ज करतो. बॅटरी १०० टक्के भरलेली असली की परत येणारी वीज ठेवायला जागाच नसते, म्हणून बॅटरी मॅनेजमेंट सिस्टीम रीजन जवळजवळ बंद करते. दोष अपडेटला जातो, कारण असतं भरलेली बॅटरी. चार्ज ८० टक्क्यांवर आल्यावर त्याच पातळीवर पुन्हा चालवून पाहा, ओढ परत आली तर शंका मिटली. कन्नडहून औट्रम घाट उतरून चाळीसगावकडे जायचं असेल तर ८५-९० टक्क्यांवरच चार्जिंग थांबवा. नाहीतर सगळा उतार पायाच्या ब्रेकवर येईल आणि ब्रेक तापतील.

एक चाचणी मात्र जरूर करा. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमांप्रमाणे रीजनमुळे वेग सेकंदाला १.३ मीटर प्रति सेकंदाहून जास्त दराने घटत असेल तर मागचे ब्रेक दिवे लागलेच पाहिजेत. मोकळ्या रस्त्यावर रात्री कुणाला तरी मागच्या गाडीतून लक्ष ठेवायला सांगा आणि सर्वात जोरदार पातळीवर पाय काढा. दिवे लागले नाहीत तर सर्व्हिस सेंटरला कळवा.

प्रश्न (जालना) : इन्स्टॉल होताना मध्येच अडकलं, मग गाडी सुरूच होईना. मोठी बॅटरी तर ७० टक्के होती.

मोठ्या बॅटरीचा इथे फारसा संबंध नाही. खरा प्रश्न १२ व्होल्टच्या छोट्या बॅटरीचा आहे. अपडेट चालू असताना अनेक गाड्यांत मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर, म्हणजे तिला जोडणारे मोठे स्विच, उघडे असतात, म्हणजे छोटीला चार्ज करणारा डीसी-डीसी कन्व्हर्टर बंद असतो. मात्र कंट्रोलर, पडदा, मोडेम सगळे जागे असतात आणि अर्धा-पाऊण तास छोटीतूनच वीज ओढतात. आपल्याकडचा उन्हाळा लेड-ॲसिड बॅटरीला लवकर म्हातारं करतो. तीन-चार वर्षांची झाली की ती अशा वेळी दम टाकते.

अपडेटच्या आधी मल्टिमीटर लावा. गाडी बंद करून दोन तास झाल्यावर १२.६ व्होल्ट किंवा जास्त असेल तर उत्तम. १२.२ म्हणजे साधारण अर्धी उरली, तशा स्थितीत अपडेट लावू नका. गाडी 'रेडी' मध्ये, म्हणजे चालवायला सज्ज, असताना १३.५ च्या वर दिसलं पाहिजे. तसं नसेल तर कन्व्हर्टर दाखवून घ्या.

मध्येच अडकलं तर पडद्यावर दिलेल्या वेळेच्या दुप्पट थांबा. दार उघडू नका आणि ब्रेक दाबून गाडी जागी करू नका. टर्मिनल काढून 'रीस्टार्ट' करण्याचा सल्ला गल्लोगल्ली मिळतो, तो मुळीच ऐकू नका. पडद्याच्या युनिटमध्ये बहुधा जुनं आणि नवं अशा दोन जागा असतात, त्यामुळे ते जुन्यावर परतू शकतं. पण छोट्या कंट्रोलरमध्ये अनेकदा एकच जागा असते. तिथे लिहिणं अर्धवट राहिलं तर लॅपटॉप लावून नव्याने भरण्यावाचून इलाज नाही.

जाता जाता भारनियमनाबद्दल. वीज गेली तर राउटर बंद पडून डाउनलोड थांबतं, आणि बहुतेक वेळा ते पुढे तिथूनच सुरू होतं. इन्स्टॉल गाडीच्याच विजेवर होतं. त्या वेळी चार्जरचा प्लग लावायचा की काढायचा, हे पडद्यावरची सूचना सांगेल तसंच करा. गाडीगणिक ते वेगळं असतं.

प्रश्न (परभणी) : अपडेटनंतर पूर्ण चार्जवर दिसणारी रेंज ३० किलोमीटरने घटली.

तो आकडा तुमच्या आधीच्या वापरावरून काढलेला अंदाज आहे. अपडेटमध्ये ती नोंद पुसली गेली की गाडी नव्याने शिकते. दोन-तीनशे किलोमीटर चालवा, मग ९० ते ४० टक्के चार्जमध्ये खरे किती किलोमीटर झाले ते मोजा. अपडेटआधीच्या आकड्याशी तुलना करायची तर एसी आणि वेग तेव्हासारखेच ठेवा. बॅटरी एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारची असेल तर एकदा १०० टक्के चार्ज करून तशीच थोडा वेळ जोडलेली ठेवा, म्हणजे टक्केवारीचा हिशेब जुळतो. सॉफ्टवेअर रेंज वाढवूही शकतं : २०२३ च्या सुरुवातीला टाटाच्या नेक्सॉन ईव्ही मॅक्सची प्रमाणित रेंज अशाच बदलाने ४३७ वरून ४५३ किलोमीटर झाली.

प्रश्न (बीड) : एसीची बटणं आता पडद्याच्या आत गेली. शिवाय फास्ट चार्जिंगला लावलं की आतली हवा गार होत नाही.

पहिल्या तक्रारीत आम्ही तुमच्या बाजूचे आहोत. मे महिन्यात गाडी चालवताना पंख्याचा वेग शोधायला तीन वेळा बोट लावावं लागणं हा वाईट आराखडा आहे. गाड्यांच्या सुरक्षेला गुण देणाऱ्या युरोपातल्या युरो एनकॅप या संस्थेने २०२६ पासून इंडिकेटर, हॉर्न, वायपर, हझार्ड दिवे आणि आपत्कालीन कॉल यांना खरी बटणं असावीत असं गुणांकनात धरलं आहे. एसी मात्र त्या यादीत नाही. तूर्त तापमान आणि पंखा खालच्या शॉर्टकट पट्टीत ओढून ठेवा आणि स्टिअरिंगवरच्या फेव्हरिट बटणाला एसी जोडा. निघण्याआधी ॲपवरून केबिन गार करून घ्या.

दुसरी बाब बिघाडाची असेलच असं नाही. लिक्विड कूलिंग असलेल्या अनेक गाड्यांत केबिन आणि बॅटरीला एकच कॉम्प्रेसर असतो. बेचाळीस अंशांत फास्ट चार्जिंग करताना तो आधी बॅटरी सांभाळतो. तेवढा वेळ सावलीत उतरून बसा.

प्रश्न (नांदेड) : गाडी आता उगाच ब्रेक मारते. ऊसतोडीच्या ट्रॉल्यांमागे तर भीतीच वाटते.

टक्कर इशाऱ्याची संवेदनशीलता अपडेटने 'लवकर' वर नेली आहे का ते पाहा, असेल तर 'मध्यम' करा. काचेवर कॅमेऱ्यासमोर आणि बंपरमधल्या रडारवर धूळ-चिखल असतो तो पुसा. काच बदलली असेल तर कॅमेऱ्याचं कॅलिब्रेशन, म्हणजे त्याची नेमकी जुळणी, झालं का, हे विचारा. गळीत हंगामात ट्रॉलीबाहेर झुकलेला ऊस, वर दिवा ना रिफ्लेक्टर, हे दृश्य यंत्रणेला ओळखता येईलच असं नाही. समृद्धीवर ॲडॅप्टिव्ह क्रूझ (पुढच्या गाडीपासून अंतर राखत आपोआप वेग सांभाळणारी सोय) जरूर वापरा, कारखान्याच्या रस्त्यावर बंद ठेवा.

प्रश्न (धाराशिव) : नको असेल तर जुनी आवृत्ती परत मिळते का?

सहसा नाही. म्हणून अपडेटआधी आवृत्ती क्रमांक, रीजन, इशारे, ड्रायव्हर प्रोफाइल या पानांचे फोटो काढून ठेवा. नवी सोय देणारं अपडेट पंधरा दिवस थांबवलं तरी चालतं, सुरक्षेचं थांबवू नका. काही अपडेट सर्व्हिस सेंटरमध्येच होतात. २०२२ मध्ये जुन्या नेक्सॉन ईव्हींना क्रूझ कंट्रोल, रीजनच्या पातळ्या आणि टायरच्या हवेचा इशारा असाच तिथे मोफत मिळाला. हा इशारा चाकांच्या वेगावरून काढलेला असतो, तेव्हा हवा नीट भरून तो मेनूतून रीसेट करा. आणि इतक्या लांब गाडी नेलीच आहे, तर जॉब कार्डवर नवा आवृत्ती क्रमांक लिहून घेतल्याशिवाय किल्ली घेऊ नका.