निकाल चांगला, तरी शेअर पडला : इलेक्ट्रॉनिक्सच्या विद्यार्थिनीला उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

तू ई अँड टीसीच्या (इलेक्ट्रॉनिक्स आणि टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंगच्या) तिसऱ्या वर्षाला आहेस. ऑगस्ट २०२४मध्ये चिप कंपनी एनव्हिडियाचा तिमाही महसूल वर्षभरात दुपटीहून जास्त झाला आणि दुसऱ्याच दिवशी शेअर सहा टक्क्यांनी पडला, हे तुझ्या पचनी पडत नाही. यात करिअर होतं का, आणि त्यासाठी डिग्री सोडून फायनान्सकडे वळू का, असं तू विचारतेस. बाबांना मात्र शेअर बाजार म्हणजे सट्टाच वाटतो.

करिअर नक्की होतं. त्याला इक्विटी रिसर्च, म्हणजे कंपन्यांचा आणि त्यांच्या शेअरचा अभ्यास म्हणतात, आणि तुला पडलेला प्रश्न सोडवणं हेच तिथलं रोजचं काम.

निकाल असतो सरलेल्या तिमाहीचा. बाजार बघतो पुढच्या तिमाहीचा गायडन्स, म्हणजे कंपनीने स्वतः दिलेला अंदाज, आणि तो विश्लेषकांनी धरलेल्या आकड्याच्या किती वर किंवा खाली आहे ते. २४ मे २०२३ला एनव्हिडियाने ७.१९ अब्ज डॉलर महसूल जाहीर केला. त्याच पत्रकात पुढच्या तिमाहीबद्दल एक ओळ होती : ११ अब्ज डॉलर, दोन टक्के कमी-जास्त. विश्लेषक धरून बसले होते ७.२ अब्जांच्या आसपास. दुसऱ्या दिवशी शेअर सुमारे २४ टक्के उसळला. ऑगस्ट २०२४चा गायडन्स होता ३२.५ अब्ज, सरासरी अपेक्षेहून जास्त, पण थोडाच. तोवर बाजाराला मोठ्या उड्यांची सवय लागली होती, शिवाय ग्रॉस मार्जिनचा (उत्पादनखर्च वजा जाता महसुलातला किती टक्के भाग उरतो, त्याचा) अंदाजही आधीच्या तिमाहीपेक्षा जरा खाली होता.

तुझ्यासाठी इंटेलचं उदाहरण जास्त मोलाचं आहे. १ ऑगस्ट २०२४ला त्यांनी १२.५ ते १३.५ अब्ज डॉलरचा गायडन्स दिला. अपेक्षा १४ अब्जांच्या वर होती. सोबत लाभांश बंद आणि सुमारे १५ टक्के नोकरकपात. दुसऱ्या दिवशी शेअर २६ टक्के कोसळला. इंटेलचे स्वतःचे फॅब, म्हणजे चिप बनवण्याचे कारखाने आहेत. माल कमी खपला तरी यंत्रांचा घसारा (त्यांच्या झिजेपोटी दरवर्षी धरला जाणारा खर्च) कमी होत नाही, म्हणून महसुलातली थोडी तूटही नफ्याला मोठी झळ देते. एनव्हिडिया चिप्स टीएसएमसी या तैवानच्या कंपनीकडून बनवून घेते, तिचं गणित वेगळं. कॉमर्सच्या मुलांना घसारा कळतो, पण यील्ड (बनवलेल्या चिप्सपैकी चांगल्या किती निघाल्या) आणि नोड (चिप बनवण्याच्या तंत्राची पिढी) समजून घ्यायला वेळ लागतो. तुझी ती बाजू तयार होतेच आहे. ताळेबंद वाचायला शिकलीस की झालं. म्हणून डिग्री अर्धवट सोडून फायनान्सकडे वळायचा विचार डोक्यातून काढून टाक.

पदवीला २३ महिने किंवा त्याहून कमी उरले असतील तर सीएफए या आंतरराष्ट्रीय गुंतवणूक-विश्लेषण परीक्षेच्या लेव्हल १ला बसता येतं. फी डॉलरमध्ये आहे, घरच्यांना जड जाते. आधी एनआयएसएम या सेबीच्या प्रशिक्षण संस्थेची रिसर्च ॲनालिस्ट परीक्षा दे. खर्च त्या मानाने फारच कमी आणि हा अभ्यास झेपतो का तेही कळेल.

बाबांना हे सांग : सेबीच्या २०१४च्या नियमांनुसार विश्लेषकाला ज्या शेअरवर अहवाल लिहायचा, त्यात अहवालाआधी ३० दिवस आणि नंतर ५ दिवस स्वतःचे व्यवहार करता येत नाहीत. तूही सध्या निकालांच्या तोंडावर पैसे लावू नकोस.

त्यापेक्षा मायक्रॉन घे. मेमरी चिप्सची कंपनी, तेजी-मंदी ठळक दिसते. मागच्या आठ तिमाह्यांचा तक्ता कर : दिलेला गायडन्स, प्रत्यक्ष महसूल, दुसऱ्या दिवशीचा शेअर. प्रत्येक तिमाहीवर एक पान, कारणं तुझ्या शब्दांत. मुलाखतीला जाताना ती पानं सोबत ने.