.३०८ रायफलीने हरणाची शिकार करायची आहे. १५० ग्रेनची गोळी घ्यावी की १८०ची? तांब्याच्या गोळ्या खरंच चांगल्या असतात का?

तुम्ही लिहिलंय की रायफल .३०८ विंचेस्टर आहे, पहिलंच हरीण आहे, मचाणावर बसणार आहात आणि अंतर फार तर दीडशे मीटर असेल. एवढं सांगितलंत ते बरं केलंत. बहुतेक जण नुसतं ‘सगळ्यात भारी गोळी कोणती?’ विचारून मोकळे होतात.

थेट उत्तर असं: १५० किंवा १६५ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचं माप) साधी सॉफ्ट पॉइंट घ्या. म्हणजे बाहेर तांब्याचं आवरण, आत शिसं आणि टोकाशी तेच शिसं उघडं. दोन-तीन कंपन्यांचं एकेक खोकं आणा, रायफलीला टेकू देऊन १०० मीटरवर मारून बघा, जे तुमच्या रायफलीला मानवेल ते ठेवा. साठ-ऐंशी किलोच्या हरणाला १८० ग्रेन लागत नाही. ती वाईट नाही, पण धक्का जास्त देते, आणि नवख्या माणसाने धक्क्याच्या धास्तीने घोडा ओढताना डोळे मिटले की गोळी कितीही चांगली असून उपयोग नाही. तांब्याचं खाली सविस्तर लिहितो, कारण मी स्वतः आता तेच वापरतो. (परवान्यावर शिकार करता येते अशाच देशांपुरतं हे सगळं. भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने हरीण मारणं गुन्हा आहे, हे कोणी विचारायच्या आधीच सांगून ठेवतो.)

आता कारण. खोकं हातात घेतलं की लोक वजन बघतात, नाव बघतात. मी आधी एवढंच बघतो, की ही गोळी हरणाला लागेल तेव्हा तिचा वेग किती असेल. शिकारीच्या गोळीचं काम आरपार भोक पाडणं नसतं. आत शिरल्यावर तिने छत्रीसारखं उघडायचं, मूळच्या दीडपट-दुप्पट रुंद व्हायचं आणि तरीही पुढे जात राहायचं. हे उघडणं वेगावर अवलंबून. साधी सॉफ्ट पॉइंट ढोबळमानाने सेकंदाला ५५० मीटरच्या खाली गेली की नीट उघडत नाही, सुईसारखी निघून जाते. उलट, पातळ आवरणाची गोळी फार वेगात हाडावर बसली की तिथल्या तिथे फुटते. .३०८ची १५० ग्रेनची गोळी नळीतून ८६० मीटरच्या आसपास निघते, दीडशे मीटरवर ७००च्या वर असते. म्हणजे तुमच्या अंतरात साधी गोळी बरोब्बर तिच्या कामाच्या पट्ट्यात आहे. लांबच्या पल्ल्यासाठी केलेल्या, प्लास्टिकचं टोक लावलेल्या महागड्या गोळ्यांचा जो फायदा असतो तो तीन-चारशे मीटरवर दिसतो. तुम्ही तिथे मारणारच नाही आहात.

हे मी पुस्तकातून शिकलो असतो तर बरं झालं असतं. माझ्या दुसऱ्या हंगामात एकाच्या सांगण्यावरून हलकी, वेगवान, पातळ आवरणाची गोळी घेतली होती. कागदावर तीन गोळ्या एका नाण्याखाली झाकल्या जायच्या, त्यामुळे मी खूश. मादी आली ती पस्तीस पावलांवर, माझ्याकडे तिरकी उभी. मी खांद्यावर मारली. ती पडली, उठली आणि झाडीत गेली. पुढचे दोन तास मी आणि माझा सोबती गुडघ्यावर बसून पानापानावर रक्ताचे थेंब शोधत होतो. सापडली, पण ज्या अवस्थेत सापडली ते आठवलं की अजून बरं वाटत नाही. कातडं काढल्यावर कळलं: गोळी फऱ्याच्या हाडावरच फुटली होती. फऱ्याचं सगळं मांस काळं, जेलीसारखं, हातात घेतलं तर गळून पडणारं. आत बरगड्यांपलीकडे एक बारीक तुकडा काय तो पोचलेला. हाडाच्या चुऱ्यात आवरणाचा एक पापुद्रा सापडला, कांद्याच्या सालीएवढा पातळ. बाकी गोळी नाहीच.

दोष गोळीचा नव्हता. दोनशे मीटरवर, आडव्या उभ्या हरणाच्या बरगड्यांत ती उत्तम चालली असती. पस्तीस पावलांवर हाडावर मारायला ती केलेलीच नव्हती.

हा प्रश्न जुनाच आहे आणि गोळ्यांचे सगळे प्रकार त्यातूनच निघालेत. रेमिंग्टन कंपनीची कोअर-लोक्ट गोळी १९३९पासून आहे: साधं आवरण, पण शिशाला धरून ठेवण्यासाठी मध्ये जाड केलेलं. आजही हरणाला ती पुरते. १९४६ साली जॉन नॉस्लर कॅनडात मूस नावाचं प्रचंड हरीण मारायला गेले. मूस चिखलाने माखलेला, गोळ्या आत खोल जाण्याआधीच फुटल्या. घरी येऊन त्यांनी गोळीच्या आवरणाला मधोमध पडदा केला: पुढचं शिसं फुलणार, पडद्यामागचं शाबूत राहून पुढे जाणार. ती पार्टिशन १९४८मध्ये विक्रीला आली. नंतर शिसं आवरणाला चिकटवलेल्या, म्हणजे बॉन्डेड गोळ्या आल्या. तुमचं हरीण ऐन जवळ येण्याची शक्यता असेल, किंवा तिरका नेम घ्यावा लागेल असं वाटत असेल, तर साध्याऐवजी बॉन्डेड १६५ ग्रेन घ्या. थोडी महाग पडते, पण हाडाला घाबरत नाही.

दोन गोळ्या मात्र घेऊच नका. एक, पूर्ण आवरणाची लष्करी गोळी. स्वस्त असते, सरावाला ठीक. पण ती फुलत नाही, बारीक भोक पाडून निघून जाते, आणि जखमी हरीण मैलभर पळून कुठेतरी मरतं. बऱ्याच ठिकाणी शिकारीला तिला बंदीच आहे. गंमत अशी की युद्धाचा नियम नेमका उलटा. कोलकात्याचा विमानतळ ज्या दमदमला आहे, तिथल्या दारूगोळा कारखान्यात १८९०च्या दशकात .३०३ची टोक उघडं ठेवलेली, फुलणारी गोळी निघाली. १८९९च्या हेग परिषदेत युद्धात अशा गोळ्या न वापरण्याचं ठरलं. माणसावर जी क्रूर ठरली तीच हरणाच्या बाबतीत दयेची, कारण हरणाला झटपट मारणं हाच तिथला हेतू.

दुसरी, नेमबाजीच्या स्पर्धेची मॅच गोळी. तिच्या टोकाला भोक असतं म्हणून लोक तिला हॉलो पॉइंट समजून शिकारीला नेतात. ते भोक बनवण्याच्या पद्धतीमुळे राहिलेलं असतं, फुलण्यासाठी नाही. कधी फुटते, कधी तशीच जाते, भरवसा नाही. सिएरा कंपनी स्वतःच सांगते की तिची मॅचकिंग ही मॅच गोळी जनावरावर वापरू नका.

आता तांबं. पूर्ण तांब्याची, आत शिसं नसलेली गोळी बार्न्स कंपनीने १९८९मध्ये आणली. तिच्या टोकाला खळगा असतो. लागली की पाकळ्या मागे वळतात आणि वजन जवळजवळ सगळं टिकतं. दोन गोष्टी लक्षात ठेवा. तांबं शिशापेक्षा हलकं, घनता ८.९६ विरुद्ध ११.३४, त्यामुळे त्याच वजनाची तांब्याची गोळी लांब होते. लांब गोळी स्थिर राहायला नळीतली पीळ जास्त घट्ट लागते. म्हणून तांब्यात एक पायरी खाली उतरा. शिशाची १६५ आवडत असेल तर तांब्याची १५०, किंवा अगदी १३०सुद्धा. दुसरं, ती उघडायला वेग जास्त लागतो. हलकी गोळी वेगात जाते, म्हणजे दोन्ही कारणं एकाच दिशेला नेतात.

मी तांब्याकडे वळलो ते शिशाचे एक्सरे पाहून. मारलेल्या हरणाच्या मांसात शिशाचे ठिपके पांढऱ्या खसखशीसारखे दिसतात, जखमेपासून बरेच लांबपर्यंत. खाताना दाताखाली येत नाहीत एवढे बारीक. घरात लहान मुलं तेच मांस खाणार, मग जखमेभोवतीचं चार बोटं कापून टाकलं तरी मन मानेना. पक्ष्यांचंही आहेच: शिकाऱ्यांनी मागे टाकलेली आतडी खाऊन कॅलिफोर्नियातले कॉन्डॉर, म्हणजे तिथली प्रचंड गिधाडं, शिशाच्या विषबाधेने मरत होते. तिथे १ जुलै २०१९पासून सगळ्या शिकारीला शिसंमुक्त दारूगोळाच लागतो. डेन्मार्कनेही २०२४मध्ये रायफलीच्या शिशाच्या गोळ्या बंद केल्या. तेव्हा खोकं आणण्याआधी तुमच्याकडचा नियम बघा, कदाचित निवड आधीच झालेली असेल. कमीत कमी ताकदीचेही नियम असतात. जर्मनीत मोठ्या हरणांना किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर २००० ज्यूल लागतात. .३०८ त्यात आरामात बसते.

तांब्यात एक खोट मला जाणवली. फुप्फुसातून गेली तर हरीण शिशाच्या गोळीपेक्षा थोडं जास्त पळतं, माझ्या अनुभवात पन्नास-साठ मीटर. म्हणून आता मी नेम जरा पुढे, फऱ्यावर धरतो. तांबं हाड फोडूनही पुढे जातं आणि हरीण जागेवर बसतं.

मचाणावर जाण्याआधीची एक चूक टाळा. एका गोळीवर रायफल झिरो केली, म्हणजे तिच्यासाठी नेम जुळवून घेतला, आणि शिकारीला दुसरी नेली, असं करू नका. त्याच नळीतून १५० आणि १८०चे नेम १०० मीटरवर दोन-चार बोटं सहज सरकतात. शिशावरून तांब्यावर जाताना आधी नळी नीट साफ करा, नाहीतर पहिली दहा-बारा काडतुसं रायफल कुठे मारतेय तेच कळत नाही. आणि तीन गोळ्या दोन सेंटिमीटरमध्ये बसल्या की चार, यावर रात्र घालवू नका. हरणाची वर्माची जागा वीसेक सेंटिमीटरची असते, पुढच्या पायामागे, छातीच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्यात. थंड नळीतून सुटलेली पहिली गोळी रोज त्याच जागी जाते की नाही, ते बघा.

हरीण मिळालं आणि गोळी आत सापडली तर धुऊन स्वयंपाकघरातल्या काट्यावर तोला. एका ग्रॅममध्ये साधारण साडेपंधरा ग्रेन. बहुतेक आरपार जातात, सापडतच नाहीत. माझ्याकडे एवढ्या वर्षांत चारच आहेत, एका डबीत. त्यातली एक १६५ची सॉफ्ट पॉइंट पलीकडच्या कातड्याखाली अडकली होती. काटा सात ग्रॅमवर थांबला, म्हणजे १०८ ग्रेन उरले. त्या दिवशी हरीण वीस पावलंसुद्धा गेलं नव्हतं.