स्टोक रोला राहायला जावं का?

नोकरी इंग्लंडात रेडिंगला, पण घर स्टोक रोसारख्या खेड्यात मिळालं तर बरं, आणि तिथे म्हणे आपल्याकडच्या महाराजांची विहीर आहे, हे खरं का, असं तू विचारलंस. विहीर अगदी खरी. घराचं मात्र तिची कथा ऐकून मग ठरव.

गाव चिल्टर्न टेकड्यांच्या माथ्यावर. जमिनीखाली खडूचा दगड, त्यामुळे पडला पाऊस की गेला झिरपून. ओढा नाही, नदी नाही. लोक तळी-डबक्यांवर भागवायचे. शेजारच्या इप्सडेनचे एडवर्ड अँडरडन रीड उत्तर भारतात बडे अधिकारी होते. आझमगढला 1831 मध्ये त्यांनी विहीर खोदवली होती. काशीनरेश ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांना त्यांनी आपल्या मुलखातली टंचाई सांगितली: तहानलेल्या पोराने घरातलं उरलंसुरलं पाणी पिऊन टाकलं म्हणून त्याला मार बसला. महाराजांनी ते लक्षात ठेवलं आणि रीड मायदेशी परतल्यावर विहिरीचा खर्च उचलला. (1857 मध्ये महाराज इंग्रजांच्या बाजूचे. त्यामुळे याला निव्वळ दानधर्म म्हणायला माझी जीभ रेटत नाही.)

1863 ला खोदाई सुरू झाली आणि 24 मे 1864 ला, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, विहीर खुली झाली. रुंदी जेमतेम 4 फूट, खोली 368 फूट, सगळी माणसांनी हाताने खणलेली. आत कुतुबमिनार उभा केला तरी त्याच्या डोक्यावर सुमारे एकशे तीस फूट रिकामे राहतील. वर लोखंडी खांबांवर घुमट, रहाटाच्या यंत्रावर सोनेरी हत्ती. बाजूला राखणदाराचं अष्टकोनी घर. देखभालीला पैसा यावा म्हणून चेरीची बाग लावली, तिचं नाव 'ईश्री बाग'. ऑक्सफर्डशर जिल्ह्याच्या रानात हे नाव पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला हसू आवरेना.

बाकी पाहण्यासारखं म्हणजे 1846 चं सेंट जॉन चर्च, एक-दोन जुने पब आणि बीच नावाच्या झाडांची जंगलं. या जंगलांत खुर्च्यांचे पाय कातणारे कारागीर असत, त्यांना 'बॉजर' म्हणत. अर्ध्या दिवसात सगळं बघून होतं.

आता तुझं. पाणी आज नळाला येतं, पण क्षारांमुळे इतकं जड की आठवड्याभरात किटलीच्या तळाला पांढरा थर धरतो. घर बघताना तीन गोष्टी विचारच: घर तापवायला गॅसची लाइन आहे की तेलाची टाकी, सांडपाणी गटारात जातं की सेप्टिक टँकमध्ये, आणि मोबाइलला रेंज घरात येते का. तेलाची टाकी असेल तर ती भरायला एकरकमी पैसे लागतात, भाड्याच्या हिशोबात ते धर. बसच्या भरवशावर राहू नकोस. भारतीय लायसन्सवर तिथे राहायला लागल्यापासून 12 महिने गाडी चालवता येते, पण तोवर तिथली परीक्षा उरकून घे. वहिनींनाही गाडी यायला हवी, नाहीतर त्या घरात अडकतील. लेकीच्या शाळेचा अर्ज रेडिंगला नाही, ऑक्सफर्डशर काउंटीकडे करायचा. गावात प्राथमिक शाळा आहे, पण जागा आहे का हे भाडेकरार करण्याआधी विचार.

मला विचारशील तर पहिला हिवाळा केव्हर्शॅमला भाड्याने काढा. रेडिंगच्याच उत्तरेचा भाग आहे, तिथून स्टोक रो गाडीने जवळ. डिसेंबरात चारच्या सुमारास अंधार पडतो आणि त्या अरुंद रस्त्यांवर दिवे नसतात. त्या वेळी ऑफिसातून सुटून एकदा तिकडे गाडी घेऊन जा, वहिनींनाही सोबत ने. त्या हो म्हणाल्या तरच पुढचं बोला.