सगळा वर्ग ‘समजलं’ म्हणतो तेव्हा

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेल काल रात्री वाचला. टांझानियातल्या मोरोगोरोजवळच्या शाळेत पाच आठवडे झाले. फॉर्म वनला, म्हणजे माध्यमिकच्या पहिल्या वर्गाला, जीवशास्त्र शिकवतेस, समोर 65 मुलं. धडा संपल्यावर विचारतेस, तेव्हा अख्खा वर्ग एका सुरात म्हणतो, ‘तुमेएलेवा, म्वालिमू’. समजलं, बाई. आणि चाचणीचे पेपर जवळजवळ कोरे येतात. ‘मी इथे कुचकामी आहे’ असं तू लिहिलंयस. ते वाक्य माझ्या मनातून गेलं नाही, म्हणून सकाळीच लिहायला बसले.

तो होकार म्हणजे उत्तर नव्हे, रीत आहे. बाईंनी एवढा जीव तोडून शिकवल्यावर ‘नाही कळलं’ म्हणणं मुलांना उद्धटपणाचं वाटतं. रस्त्यात भेटल्यावर तीच मुलं तुला ‘शिकामो’ म्हणत असतील. त्या शब्दाचा उगम ‘तुमचे पाय धरते’ असा सांगतात. त्यावर ‘मराहाबा’ म्हणायला विसरू नकोस, घाईतसुद्धा. आणि ‘समजलं का?’ हा प्रश्न वर्गात विचारणंच सोडून दे. त्याऐवजी तास संपताना प्रत्येकाला कागदाचा एक चतकोर दे आणि आज काय शिकलो ते दोन ओळींत लिहायला सांग. स्वाहिलीत.

हो, स्वाहिलीत. खरी अडचण तिथेच आहे. टांझानियात 1967 पासून सरकारी प्राथमिक शाळा स्वाहिलीतून चालते आणि माध्यमिकला एकदम इंग्रजी सुरू होतं. सात वर्षं एका भाषेत विचार केलेलं मूल जानेवारीतल्या एका सकाळी दुसऱ्याच भाषेतल्या पुस्तकासमोर बसतं. 2016 पासून फॉर्म फोरपर्यंत फी नाही, त्यामुळे घरात कुणीच इंग्रजी न बोलणारी कितीतरी मुलं वर्गात पोहोचली. ही फार चांगली गोष्ट झाली, पण त्यांच्यासाठी मधला पूल कुणी बांधला नाही.

तुला हे मी काय सांगावं! दहावीपर्यंत जिल्हा परिषदेच्या आणि गावच्या मराठी शाळेत शिकून तू अकरावी सायन्सला गेलीस. पहिले चार महिने मागच्या बाकावर गप्प बसायचीस, हे तूच मला सांगितलं होतंस. प्रकाशसंश्लेषण तुला येत होतं, फोटोसिंथेसिस येत नव्हतं. स्वाहिलीत त्याला ‘उसानिसिनुरु’ म्हणतात. उसानिसि म्हणजे संश्लेषण आणि नुरु म्हणजे प्रकाश, आपला ‘नूर’ तोच. उद्या हा शब्द आधी फळ्यावर लिही, इंग्रजी शब्द त्याच्या शेजारी, आणि मग मुलांचे चेहरे बघ. शब्द जमवताना हिंदी महासागर ओलांडून आलेले कितीतरी तुला सापडतील. दुका म्हणजे दुकान, हेसाबु म्हणजे गणित, एंबे म्हणजे आंबा. रिक्षाला तर तिथे ‘बजाजी’च म्हणतात.

या कामाला तुझ्या स्टाफरूममधल्या जीवशास्त्राच्या सरांना बरोबर घे. चिठ्ठ्या त्यांच्याबरोबर बसून वाच. मी तिथे शिकवायला होते तेव्हा पहिलं वर्षभर सगळं एकटीने केलं. तक्ते बनवले, शब्दांच्या याद्या केल्या, रात्र रात्र जागले. मी निघाले आणि ते सगळं कपाटात गेलं, कारण ते कुणाचंच नव्हतं. त्याचं मला आजही वाईट वाटतं. तू डिसेंबरात परतशील, ते सर तिथेच राहणार आहेत.

वेळेबद्दल लिहिलंयस की लोक पाळत नाहीत. आधी एक तपासून बघ. स्वाहिलीत दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळचे सात म्हणजे ‘सा मोजा’, पहिला तास. ‘सा नाने’ म्हणजे आठवा, आपल्या घड्याळात दुपारचे दोन. मुख्याध्यापकांनी बोलावलेल्या पालकसभेला मी सकाळी आठला जाऊन बसले होते आणि मनातल्या मनात गावावर रागावले होते. गाव वेळेवरच आलं, दुपारी दोनला.

आता छडी. तुझ्या मेलमधला सर्वांत जड परिच्छेद तोच होता. आपल्याकडे 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने ती बंद झाली, तिथे कायद्याने अजून चालते. तू हातात घेऊ नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी. ‘माझ्या तासाची जबाबदारी माझी’ एवढं मुख्याध्यापकांना एकांतात, नम्रपणे सांग. मात्र मुलांसमोर सहकाऱ्याचा हात धरू नकोस. मी धरला होता. महिनाभर ते माझ्याशी बोलले नाहीत, आणि त्या मुलाला माझ्या पाठीमागे जास्त मार बसला. नंतर त्यांच्याच तासाला मागे बसून मी त्यांची शिकवण्याची पद्धत बघू लागले, तेव्हा कुठे आमचं मारण्याविषयी बोलणं सुरू झालं. पुढे त्यांनी ती पूर्ण सोडली का, तर नाही. कमी केली.

पहिल्या चिठ्ठ्या आल्या की त्यातल्या चार-पाच मला वाचून दाखव. माझी स्वाहिली गंजली आहे, पण तेवढी नक्की कळेल.

तुझी,
बाई

ता. क. मार्चपासून मोठा पाऊस, ‘मासिका’, लागेल. मच्छरदाणी रोज नीट खोच. ताप आला तर ‘दगदगीने आला असेल’ म्हणून पडून राहू नकोस, त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन मलेरियाची तपासणी करून घे. अर्ध्या तासात कळतं.